एका बायकोच्या पाच प्रोफायली

कॅनडातल्या आमच्या ग्वेल्फ गावात मशीन कुठलंही असू दे, माझा हात लागला की त्याच्यात फरक पडतोच. फरक कुठल्या बाजूला पडतो, ते मात्र आमच्या घरी येऊन विचारू नका.

आधी माझं शिक्षण सांगून टाकतो, म्हंजे पुढचं तुम्हाला सोपं जाईल. मी नववी नापास. एकदा नाही, दोनदा. (दुसऱ्यांदा मास्तर म्हणाले, "विलास, आता त्या बाकड्याला तरी सुट्टी दे!") मग इचलकरंजीत मागावर जॉबर झालो. माग बंद पडला की त्याच्या पोटात हात घालायचा, दोन नट आवळायचे, चार शिव्या द्यायच्या, चालू. मागाचं एक बरं असतं बघा, बिघडला की आवाज करतो. कॉम्प्युटर बिघडला की गप्प बसतो आणि चूक तुमचीच आहे असं लिहून दाखवतो. थेट माझ्या मास्तरांच्या घराण्यातला!

कॅनडात मी आलो तो बायकोच्या जिवावर. शालन मिरजेला मोठ्या दवाखान्यात अकरा वर्षं नर्स होती. व्हिसा तिच्या शिक्षणावर झाला. कागदावर मी 'सोबत येणारा नवरा', म्हंजे बॅगेसारखाच. (बॅगेला निदान चाकं होती.) पण इथं आल्यावर तिची नर्सगिरी कुणी धरेना. इथली परीक्षा दिल्याशिवाय सलाइनला हात लावायचा नाही म्हणे. मग ती म्हाताऱ्या माणसांच्या होममध्ये हेल्पर म्हणून लागली. आंघोळी घालायच्या, उचलून बसवायचं, जेवू घालायचं. ज्या बाईनं मिरजेत अख्खा वॉर्ड चालवला, तिला इथं कालची पोरगी येऊन सांगायची, "शालन, डोन्ट टच द मेडिसिन्स, ओके?" घरी येऊन ती भांडी जरा जोरात घासायची.

परीक्षेला बसायची परवानगी मिळायला कागदपत्रांत चार वर्षं गेली. मिरजेहून मार्कशीट, मुंबईहून शिक्का, परत मिरज, परत मुंबई. आणि ह्या चार वर्षांची सगळी मेलं होती आमच्या बेसमेंटमधल्या कॉम्प्युटरवर. मेलचं ते सॉफ्टवेअर मीच बसवलं होतं. बसवताना त्यानं एक चौकोन दाखवला. मेल इकडं उतरून घेतलं की तिकडं कंपनीकडं एक कॉपी ठेवायची का? मी म्हटलं, कशाला? पोस्टमन पत्र देताना झेरॉक्स ठेवून घेतो का? टिकमार्क काढून टाकला. तेव्हापासून आलेलं प्रत्येक मेल आमच्या बेसमेंटमध्ये, आणि फक्त बेसमेंटमध्ये. शालनच्या फोनवर एक दिसायचं नाही. "फोन स्वच्छ राहतो," असं मी तिला पटवलं होतं.

त्या सॉफ्टवेअरला एक प्रोफाइल असते. म्हंजे समजा, तिची खोली. पहिल्यांदा खोलीला कुलूप नव्हतं. एकदा तिच्या सुपरवायझर बाईचं मेल आलं, ह्या शनिवारी शिफ्ट करशील का? शालन झोपलेली. म्हटलं बिचारीला कशाला उठवा. मीच उत्तर धाडलं, 'येस मॅडम, एनी सॅटर्डे, ऑल सॅटर्डे.' दोन महिने एकही शनिवार तिला घरी मिळाला नाही. तिसऱ्या महिन्यात तिनं प्रोफाइलला पासवर्ड घातला. मला सांगितला नाही. मीही विचारला नाही. माणसानं थोडी लाज ठेवावी.

आता खंडेनवमी. गुरुवार होता. शालन दुपारच्या शिफ्टला निघाली होती, एक बूट पायात, एक हातात. निघता निघता कॉम्प्युटरकडं बघितलं आणि तिथंच थांबली.

"अहो! आलं!"

"काय?"

"परीक्षेची सीट! उद्या शुक्रवार दुपारी बारापर्यंत कन्फर्म करा म्हणतायत!"

"मग कर की!"

"बस चुकंल माझी. आत लिंक असणार, फॉर्म असणार, घाईत चुकायला नको. उद्या सकाळी निवांत करते. आणि हे बघा," एक बूट हातातच होता, तो माझ्याकडं रोखून ती म्हणाली, "कॉम्प्युटरला हात लावू नका."

हात मी लावलाच नाही! पूजा केली. पूजेला कुणी हात लावणं म्हणतं का?

संध्याकाळी बेसमेंटमध्ये चौरंग मांडला. खंडेनवमीला आमच्या इचलकरंजीत माग बंद ठेवून पूजतात. ज्याच्यावर पोट चालतं ते त्या दिवशी पूजायचं, आणि पूजेला बसवलं की वापरायचं नाही. मी नट आवळायचे पाने ठेवले, ड्रिल ठेवलं, बर्फाचं फावडं ठेवलं, मिरजेहून आणलेला शालनचा स्टेथोस्कोप ठेवला, विंटर टायर चारही मागं उभे केले, मखरासारखे! मनात आलं, ह्या घराचं उद्याचं पोट ज्याच्यावर आहे, तो कॉम्प्युटर तसाच कसा ठेवायचा?

आमची केतकी, वय तेरा, जिन्यावर बसून दुधातलं सीरियल खात होती.

"डॅड, व्हाय आर वी प्रेइंग टू द ड्रिल?"

"प्रेइंग नाही गं. वर्षभर राबतं ते, त्याला थँक्यू म्हणायचं."

"यू कुड जस्ट चार्ज इट."

मी तिच्याकडं दुर्लक्ष केलं. कॉम्प्युटर रीतीप्रमाणे बंद केला. (दोन वर्षांत पहिल्यांदा. त्यालाही विश्रांती हवी!) स्क्रीनला हळदीकुंकू, माउसला एक झेंडू, मागच्या अंगणातला, बर्फ पडायच्या आत वाचवलेला. भिजवलेल्या कुंकवाच्या अक्षता सगळ्यांवर सढळ हातानं टाकल्या. उदबत्ती लावली, तर स्मोक अलार्म बोंबलायला लागला. त्याला मी आरतीतला शंख समजून घेतलं.

शुक्रवार, दसरा. मी सुट्टी टाकलेली, केतकीच्याही शाळेला शिक्षकांची मीटिंग म्हणून सुट्टी. साडेनऊला शालन डोकं विंचरून, चहाचा कप घेऊन बेसमेंटमध्ये उतरली. परीक्षेलाच बसल्यासारखी. तोवर मी सगळं पुसून लख्ख ठेवलं होतं. कीबोर्डवरनं पेपर टॉवेल असा जोर लावून फिरवला होता की अक्षरं उडायची बाकी!

कॉम्प्युटर चालू केला. स्क्रीनवर गोल फिरायला लागला. 'अपडेट चालू आहे, एक टक्का.'

"हे काय?" शालन म्हणाली.

"दोन वर्षांनी झोप काढलीय त्यानं. उठायला वेळ लागणारच."

"बंद केला होतात?"

"खंडेनवमी होती गं!"

तिनं चहाचा कप जरा जोरात ठेवला.

सव्वादहाला एकदाचा तो उठला. मेलचं सॉफ्टवेअर उघडलं, प्रोफाइल 'शालन' आली, पासवर्डचा चौकोन आला. मी शहाण्यासारखं तोंड फिरवून उभा राहिलो. मागं टकटक ऐकू आली, मग टण्!

"चूक दाखवतंय."

"परत घाल. घाईत पडला असंल."

टकटक. टण्!

"अहो, चार वर्षं हाच पासवर्ड आहे!"

"हळू घाल. एकेक अक्षर. मागाचा धागा ओवतात तसा."

टक. टक. टक. टिंबं मोजून बरोबर पडत होती. टण्! आता त्यानं लाल अक्षरांत लिहिलं, प्रोफाइल उघडता येत नाही, आणि खिडकी स्वतःच बंद करून घेतली. घरातला माणूस रागावून आत जाऊन कडी घालतो ना, तसं.

"केतकीला उठवू का?" शालन म्हणाली. "तिला कळतं ह्यातलं."

आता इथं मी हो म्हटलं असतं, तर ही गोष्ट ह्याच ओळीत संपली असती. पण मी म्हटलं, "पोरीला सुट्टीच्या दिवशी कशाला उठवतीस? मी आहे की!"

त्यावर शालननं तिच्या मामांना फोन लावला.

हे सख्खे मामा रेजिनाला असतात, म्हंजे कॅनडातच, पण पार पश्चिमेकडच्या गावाला. सरकारी इंजिनियर म्हणून रिटायर झालेले, कॅनडात येऊन पन्नास वर्षं. मी भाचीचा नवरा, म्हंजे जावई, म्हणून ते मला मानानं 'विलासराव' म्हणतात. पण ते 'राव' असं ओढतात की त्यापेक्षा 'अरे गाढवा' ऐकायला बरं वाटंल. व्हिडिओ कॉल लागला. फोन मी डिटर्जंटच्या बाटलीला टेकवून ठेवला. मामांनी चष्मा लावला, वही उघडली, पेनाचं टोपण काढलं, तारीख टाकली. पहिली पाच मिनिटं तारखेतच गेली.

"हं. विलासराव, घटना काय घडली ते क्रमानं सांगा."

"पासवर्ड घेत नाही, मामा."

"हे निदान झालं. मी लक्षणं विचारतोय."

"मामा, बारापर्यंत करायचंय!" शालन मधेच म्हणाली.

मामांनी भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं. "अगं, आता कुठं साडेआठ होतायत. भरपूर वेळ आहे."

"मामा, तुमच्याकडं साडेआठ! आमच्याकडं साडेदहा!"

"असं होय. मग जरा वेगानं घेऊ." आणि त्यांनी वहीचं पान हळूच उलटलं. "कॅप्स लॉकचा दिवा लागलाय का?"

"नाही."

"हं. बिघाड अपडेटमुळे झालाय. अपडेटनं प्रोफाइलची फाइल हलवली असणार. कॉम्प्युटर बंद कोणी केला होता?"

शालननं माझ्याकडं बघितलं. मी विंटर टायरकडं बघितलं.

"आता असं करा," मामा म्हणाले, "एक नवीन प्रोफाइल तयार करा, परीक्षणासाठी. ती उघडली, तर सॉफ्टवेअर बरं आहे आणि दोष जुन्या प्रोफाइलमध्ये आहे."

कीबोर्ड मी पुढं ओढला. दोन बोटांनी नाव घातलं, शालन दोन. मामांना फोनमधनं स्क्रीन दिसत होता.

"विलासराव! नाव लहान अक्षरांत? बायकोच्या नावाचं पहिलं अक्षर तरी कॅपिटल घाला!"

"घालतोय मामा, येत नाही."

"येत नाही म्हणजे शिकला नाहीत. काही हरकत नाही, पुढे चला."

काय बोलणार? नववी नापास माणसाला कॅपिटल येत नाही म्हटलं की जग पटकन विश्वास ठेवतं. माझाही बसला!

नवी प्रोफाइल उघडली. मोठ्या अक्षरांत, वेलकम! खाली इनबॉक्स, आणि त्याच्यापुढं शून्य.

शालन खुर्चीतनं अर्धी उठली. "माझी मेलं कुठंयत?"

"आहेत गं. ती दुसऱ्या खोलीत आहेत. ही नवीन खोली आहे."

"मार्कशीटची? शिक्क्याची? सीटची? शून्य का दाखवतंय?"

"खोली मोकळीच असते आधी!"

"आठ टक्के लोकांच्या बाबतीत," मामा वहीतनं म्हणाले, "असं होतं." (आकडे मामा मनानंच देतात. समोरच्याला धीर येतो, अशी त्यांची समजूत आहे. शालनचा उरलासुरलाही गेला.)

वर जाऊन तिनं दुसऱ्या फोनवरनं त्या परीक्षेच्या ऑफिसला फोन लावला. तिथं एक रेकॉर्ड केलेली बाई गोड आवाजात सांगत होती की तुमचा फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, मग पियानो, मग परत महत्त्वाचा आहे. फोन स्पीकरवर टाकून शालन खाली उतरली. आता बेसमेंटमध्ये एका बाटलीला मामा टेकलेले आणि दुसऱ्या फोनमधनं पियानो!

माझ्या अंगात आता जॉबर संचारला होता. एक धागा तुटला तर शेजारनं दुसरा घ्यायचा. मी आणखी एक प्रोफाइल केली, शालन तीन. तिच्यात जुन्या मेलांचा रस्ता दाखवून बघितला. शून्य. मग शालन न्यू. शून्य. मग शालन लास्ट. तीही रिकामी. आता आमच्या घरात पाच शालन झाल्या! चार मोकळ्या मनाच्या, कुणालाही आत घेणाऱ्या, पण पोटात काही नाही. आणि पाचवी, जिच्याकडं सगळं आहे, ती दार उघडत नाही. सहावी माझ्या मागं उभी होती. तिचा श्वास माझ्या मानेला लागत होता.

"किती वाजले?" मी विचारलं.

"अकरा पस्तीस."

"नऊ पस्तीस," मामा म्हणाले.

"मामा!!" आम्ही दोघं एकदम.

"बरं, बरं. विलासराव, आधी ही गर्दी कमी करा. त्या चार फालतू प्रोफायली काढून टाका, आणि मूळ एकच ठेवा. मग तिच्यावर लक्ष केंद्रित करू."

हे काम माझ्या हातातलं! यादी उघडली. नवीन वर, जुनी खाली, अशा पाची एकाखाली एक. वरच्या ओळीपुढं डिलीटचं बटण. दाबलं, शालन लास्ट गेली, आणि खालची सरकून तिच्या जागेवर आली. वा! म्हंजे माउस हलवायचंही काम नाही. दाबलं, शालन न्यू गेली. दाबलं, शालन तीन. दाबलं, शालन दोन. वीस वर्षं मागावर काढलेला हात आहे माझा. एकदा ताल धरला की थांबत नाही. पाचव्यांदा दाबलं.

ह्या वेळी काही सरकलं नाही. एक चौकोन आला. इंग्रजीत दोन ओळी, खाली पासवर्डची जागा.

इंग्रजी दोन ओळी मी कधी वाचतो का? 'पासवर्ड' एवढा शब्द ओळखला आणि ओरडलो, "शालन! ये! पासवर्ड मागतोय! लागला मार्गी!"

शालन धावत आली. माझ्या डोक्यावरनंच हात पुढं घालून तिनं पासवर्ड घातला, एंटर मारला.

टण्!

"परत घाल!"

परत घातला. टण्!

आणि शालन खाली बसली. खुर्चीत नाही, फरशीवर, विंटर टायरला टेकून. डोळ्यांत पाणी. "राहू द्या," ती म्हणाली. "माझ्या नशिबात आंघोळी घालणंच आहे. राहू द्या आता."

खरं सांगतो, मी माउसवरचा हात काढून मांडीखाली घातला. मी जोक करणारा माणूस, पण एक सुचला नाही. पियानो मात्र चालूच होता.

एवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. केतकी. केस पिंजारलेले, हातात ब्लँकेट.

"व्हाय इज एव्हरीबडी स्क्रीमिंग? हाय, मामा आजोबा. इज दॅट पियानो?" मग तिचं लक्ष स्क्रीनवर गेलं. तिनं त्या दोन ओळी वाचल्या, आणि तिची झोप उडाली. "मॉम. व्हाय आर यू डिलीटिंग एव्हरीथिंग?"

"काय?"

"इट सेज, टू परमनंटली डिलीट धिस प्रोफाइल अँड ऑल मेसेजेस, एंटर युवर पासवर्ड."

रेजिनात मामांनी पेनाला टोपण लावलं, ते पियानोच्या वरताण ऐकू आलं.

म्हंजे, मंडळी, माझी बायको स्वतःच्या हातानं, दोन वेळा, चार वर्षांची मेलं कायमची जाळायला सही करत होती. आणि कॉम्प्युटर दोन्ही वेळा म्हणाला होता, सही जुळत नाही!

"अहो," शालन फरशीवरनंच म्हणाली, अगदी हळू, "तिथनं उठा."

मी उठलो. केतकी बसली. आधी कॅन्सल दाबलं. "ओके मॉम, व्हॉट्स द पासवर्ड?"

शालननं माझ्याकडं बघितलं, मग घड्याळाकडं. अकरा अठ्ठेचाळीस. तिनं केतकीच्या कानात सांगितलं. केतकी जी हसायला लागली ती खुर्चीसकट फिरली.

"काय आहे?" मी म्हटलं.

"तुम्ही गप्प बसा! केतू, तीन शब्द, प्रत्येकाचं पहिलं अक्षर कॅपिटल."

केतकीनं टाइप करायला बोटं ठेवली आणि थांबली. एक बटण दाबून बघितलं. परत दाबलं. "डॅड, द शिफ्ट की इज नॉट गोइंग डाउन. इट्स लाइक, क्रंची."

"म्हंजे?"

"शिफ्ट. फॉर कॅपिटल्स. इट्स स्टक." तिनं केसातली पिन काढली, बटणाच्या कडेनं आत सरकवली, टुक् करून वर उचललं. खालनं एक लालभडक तांदळाचा दाणा टेबलावर पडला. कुंकवात भिजलेला, वाळून दगड झालेला.

तिनं तो दोन बोटांत धरून उजेडात बघितला. "इज धिस राइस?"

फोनमधनं मामांचा आवाज आला.

"विलासराव, तुम्ही कॉम्प्युटरला जेवायला घातलंत?"

काय झालं होतं ते तेव्हा सगळ्यांना कळलं. मलासुद्धा! पेपर टॉवेलनं मी अक्षता पुसल्या नव्हत्या, बटणाखाली ठासून बसवल्या होत्या. डावीकडचं शिफ्ट दबत नव्हतं, उजवीकडचं आमच्या घरात कुणी वापरत नाही, म्हणून शालनची तीन कॅपिटल अक्षरं लहानच पडत होती. आणि पडतायत टिंबं! टिंबात लहान काय आणि मोठं काय! मामा मला कॅपिटलवरनं टाकून बोलले, तेव्हा बिघाड सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होता. पण माझ्या शिक्षणाची ख्याती एवढी, की कुणाला बटणावर शंकाच आली नाही.

केतकीनं बटण परत बसवलं. टकटकटक, एंटर. टण् झालं नाही. मेलं अशी धडाधडा उघडली, जणू आतल्या आत चिडून बसली होती. सगळ्यात वर सीट. लिंक. फॉर्म. शालन उभ्यानंच भरत होती, नाव, नंबर, गाव, टिकमार्क. मी टिकमार्ककडं बोट दाखवायला गेलो तर तिनं कोपरानं मला टायरपर्यंत ढकललं. अकरा त्रेपन्नला हिरव्या अक्षरांत आलं, सीट कन्फर्म!

शालननं आधी केतकीचा मुका घेतला, मग मामांचा, म्हंजे फोनचा. मग डिटर्जंटची बाटली पडली. त्याच मिनिटाला पियानो थांबून दुसऱ्या फोनमधनं एक खरी बाई म्हणाली, "हॅलो, हाऊ मे आय हेल्प यू?" शालन म्हणाली, "नो थँक्यू, ऑल ओके, हॅपी दसरा!" आणि फोन ठेवला.

आता वातावरण निवळलंय बघून मी जरा पुढं सरकलो.

"एक गोष्ट लक्षात आली का तुमच्या?" मी म्हटलं. "तो दाणा नसता, तर डिलीटच्या चौकोनात पासवर्ड बरोबर पडला असता. सगळी मेलं गेली असती. म्हंजे वाचवलं कुणी? माझ्या अक्षतांनी!"

"अक्षता कुणी टाकल्या?" शालन म्हणाली.

"मी."

"कॉपी ठेवू नको कुणी सांगितलं?"

"मी."

"पाचव्यांदा कुणी दाबलं?"

"मामा, तिकडं थंडी पडली का हो?"

"पडली," मामा म्हणाले, "आणि पासवर्ड काय होता ते मलाही ऐकायचंय."

केतकीला दम निघत नव्हताच. "मामा आजोबा, इट्स 'हात लावू नका'! ऑल वन वर्ड!"

मामा एवढे हसले की त्यांची कवळी सांभाळायला वही खाली ठेवावी लागली. पन्नास वर्षांत त्यांना एवढं हसताना कुणी बघितलं नव्हतं, असं नंतर मामींनी सांगितलं. घ्या! कुणाच्या तरी घरी माझा हात लागून चांगलं झालं.

शालन परीक्षेला बसली आणि पहिल्या झटक्यात पास झाली. आता ती नर्स आहे, औषधांच्या कपाटाची चावी तिच्या गळ्यात असते, आणि ती कालची पोरगी तिला विचारून गोळ्या देते. भांडीही आता हळू घासली जातात, कारण ती मी घासतो.

परवा परत खंडेनवमी आली. मी चौरंग मांडला. पाने, ड्रिल, फावडं, टायर. कॉम्प्युटर मात्र केतकीनं आदल्या दिवशीच वर तिच्या खोलीत नेऊन ठेवला होता. शालन ड्यूटीवरनं आली, गणवेशातच तबक घेऊन बेसमेंटमध्ये उतरली.

"बसा," ती म्हणाली.

मी बसलो. तिनं माझे दोन्ही हात धरले आणि चौरंगावर ठेवले, ड्रिल आणि पान्याच्या मधे. दोन्हींना हळद लावली, कुंकू लावलं, एकेक झेंडू ठेवला, वरनं अक्षता टाकल्या.  वीस वर्षं माग चालवला, इथं कारखान्यात गाड्यांची रबरं कापतो, पण ह्या हातांची किंमत कुणी अशी केली नव्हती. डोळे पुसायला मी एक हात उचलला.

"ठेवा खाली!" शालन म्हणाली. "हत्यारं पूजेला बसवली की दसऱ्याशिवाय उचलायची नसतात. आणि ह्या दोघांचा दसरा कधी, ते मी सांगीन."